गाडीचे इंडिकेटर लागत नाहीत? फ्लॅशर विकत आणण्याआधी हे तपासा

दुचाकीचे इंडिकेटर बंद पडले की बहुतेक जण आधी फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी छोटी डबी) आणतात. त्याने फरक पडला नाही की बल्ब, मग स्विच, आणि शेवटी 'वायरिंगच गेलंय' म्हणून आख्खी वायरिंग. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा गंजलेल्या होल्डरात, सैल अर्थिंगात (वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत) नाहीतर उतरलेल्या बॅटरीत असतो. तो काढायला पॉलिश पेपर आणि अर्धा-पाऊण तास पुरतो. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या कामाकडे जातो, म्हणून पायरी ३ मध्ये सांगितलं नसेल तर मधल्या पायऱ्या गाळू नका.

हे सगळं १२ व्होल्टच्या, साधे बल्ब असलेल्या गाड्यांसाठी आहे: स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना, पल्सर, जुनी बुलेट. बीएस-६ नंतरच्या काही गाड्यांत फ्लॅशर वेगळा नसतो, त्याचं काम मीटर किंवा कंट्रोल युनिट करतं. त्यांच्याबद्दल शेवटी.

## १. वीज कुठून कुठे जाते

एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, तिथून चावीचा स्विच, मग फ्लॅशर, मग डाव्या हँडलवरचा इंडिकेटर स्विच. स्विचमधून दोन फाटे फुटतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. प्रत्येक फाट्यावर पुढचा आणि मागचा असे दोन बल्ब असतात. बल्बमधून वीज अर्थिंगच्या वायरने किंवा चेसिसमधून (गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून) बॅटरीच्या मायनसला परत येते.

परतीचा रस्ता बहुतेक जण विसरतात आणि बिघाड जास्त करून तिथेच असतो. प्लसची वायर प्लास्टिकच्या आवरणात सुरक्षित असते. अर्थिंग मात्र एखाद्या नटाखाली उघडी असते, आणि चिखल, पाणी, गंज सगळं तिच्यावरच येतं.

## २. लागणारं साहित्य

- १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा जुना बल्ब, होल्डर, दोन हात वायर आणि दोन क्रोकोडाइल क्लिपा जोडून घरीच होतो.
- डिजिटल मल्टीमीटर. दोन-तीनशे रुपयांचा साधा चालतो.
- स्क्रू ड्रायव्हर (चपटा आणि फुली), ८ आणि १० नंबरचे पाने, पकड.
- बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे.
- हातभर वायर, दोन्ही टोकं सोललेली.
- १२ व्होल्ट १० वॅटचे दोन बल्ब आणि तुमच्या गाडीच्या अँपिअरचा एक फ्यूज.
- कागदपत्रांत फक्त गाडीचं ओनर्स मॅन्युअल. बल्बचे वॅट आणि फ्यूजचे अँपिअर त्यात छापलेले असतात.

घरातल्या लाइटचा टेस्टर इथे निरुपयोगी आहे. तो १२ व्होल्टवर पेटत नाही, आणि 'करंटच येत नाही' असा चुकीचा निष्कर्ष काढून माणूस नसता बिघाड शोधत बसतो.

## ३. आधी लक्षण ओळखा

गाडी मेन स्टँडवर घ्या, चावी ऑन करा, इंजिन बंद ठेवा. डावा इंडिकेटर लावा, गाडीभोवती फिरून पाहा, मग उजवा. हॉर्नही वाजवून बघा.

इंडिकेटर बंद आणि हॉर्नही बंद: फ्यूज किंवा बॅटरी. पायरी ४. इथे एक गोष्ट फसवते. जुन्या कम्युटर गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेट कॉइलवर (इंजिन फिरलं की वीज तयार करणाऱ्या) चालतो. गाडी चालू आहे, हेडलाइट लख्ख आहे, म्हणजे बॅटरी चांगली, असं धरू नका.

हॉर्न वाजतो, पण चारही इंडिकेटर बंद: फ्लॅशर, त्याचा कपलर (वायरांचा प्लास्टिकचा जोड) किंवा हँडलचा स्विच. पायरी ६ आणि ७.

एका बाजूचे दोन्ही बंद, दुसरी बाजू ठीक: फ्लॅशर चांगला आहे, त्याला हात लावू नका. हँडल स्विच किंवा त्या बाजूची वायर.

एक बाजू घाईघाईने लुकलुकते: त्या बाजूचा एक बल्ब गेलाय, त्याला वीज पोचत नाही किंवा कमी वॅटचा बल्ब बसलाय. जुन्या, गरम होऊन चालणाऱ्या फ्लॅशरमध्ये उलटं होतं: एक बल्ब गेला की दुसरा नुसता जळत राहतो किंवा फार सावकाश लुकलुकतो.

रेस दिल्यावरच लुकलुकतो, न्यूट्रलवर थांबतो: बॅटरी कमजोर.

ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणतो, किंवा इंडिकेटर लावला की टेललाइट नाचते: मागची अर्थिंग तुटली आहे. विजेला परतीचा रस्ता सापडत नाही, म्हणून ती दुसऱ्या बल्बमधून वाट काढते. हे दिसलं की थेट पायरी ५ मधल्या अर्थिंगवर जा.

## ४. बॅटरी आणि फ्यूज

मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, २० ची रेंज. गाडी तासभर तरी बंद असावी. १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला न्या. मग मीटर तसाच ठेवून इंडिकेटर लावा. आकडा प्रत्येक लुकलुकीला ११ च्या खाली आपटत असेल तर बॅटरी संपत आली आहे किंवा टर्मिनल सैल आहेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ती आधी गरम पाण्याने धुऊन, ब्रशने घासून काढा, नट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. मायनस आधी सोडायचा आणि शेवटी जोडायचा.

नंतर गाडी सुरू करून चांगली रेस द्या. १३.५ ते १४.५ च्या मध्ये आकडा आला तर चार्जिंग ठीक. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर-रेक्टिफायर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा भाग) गेला आहे. असं असताना नवे बल्ब बसवाल तर तेही चार दिवसांत उडतील.

पाणी घालायची बॅटरी असेल तर एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून बघाच. मराठवाड्यातल्या चाळिशीच्या वरच्या उन्हात पाणी भराभर उडतं. ते अप्पर आणि लोअर या दोन खुणांच्या मध्ये असायला हवं. भरायला फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात आणि बॅटरीचं आयुष्य कमी होतं. जारचं फिल्टरचं पाणीही चालत नाही, कारण त्यातही क्षार असतातच. सीलबंद बॅटरीचं झाकण मात्र उचकटू नका.

फ्यूज साइड कव्हरखाली, बॅटरीजवळ असतो. चपट्या फ्यूजचा रंगच अँपिअर सांगतो: लाल १०, निळा १५, पिवळा २०. आतली पट्टी तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. नवा लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि तो सापडेपर्यंत पुढचा फ्यूज घालण्यात अर्थ नाही. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणं सर्रास चालतं. अशा वेळी शॉर्ट झाला तर फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते.

## ५. बल्ब, होल्डर आणि अर्थिंग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

इंडिकेटरची काच (खरं तर प्लास्टिक) एका-दोन स्क्रूंवर असते. बल्ब आत दाबा, डावीकडे थोडा फिरवा, बाहेर येईल. तार तुटलेली दिसली तर प्रश्न मिटला. दिसत नसेल तर मल्टीमीटर ओहमवर लावून बघा. थंड १० वॅटचा बल्ब एक-दोन ओहम दाखवतो. गणिताने १४ ओहम यायला हवेत म्हणून तो बाद करू नका. १४ हा आकडा तार तापल्यावरचा असतो. काहीच आलं नाही तरच बल्ब गेलेला.

नवा बल्ब घेताना वॅट वाचून घ्या. ५, १० आणि २१ वॅटचे बल्ब एकाच होल्डरात बसतात, आणि दुकानदार हाताला लागेल तो देतो. ५ चा बसवला तर फ्लॅशरला भार कमी पडून लुकलुक बिघडते. २१ चा बसवला तर इंडिकेटरचं प्लास्टिक तापून वाकू शकतं. काच पारदर्शक असेल तर बल्ब नारंगी हवा. नारंगी बल्बच्या दोन पिना काही वेळा समोरासमोर नसतात. तो जुन्या होल्डरात बसत नाही म्हणून पकडीने पिना घासू नका, मॅन्युअलमध्ये लिहिलेला आणा.

आता होल्डर. आतली पितळी टिकली काळी-हिरवी पडली असेल तर पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. टिकलीखालची स्प्रिंग दबून गेली असेल तर चपट्या ड्रायव्हरने अलगद वर उचला. हे सगळं चावी बंद करूनच करा. बल्ब दाबल्यावर परत उसळी मारायला हवा, नाहीतर खड्ड्यात गाडी आदळली की बल्ब बंद आणि पुढच्या खड्ड्यात चालू.

अर्थिंग तपासायची खात्रीची पद्धत: इंडिकेटर चालू ठेवा, हातभर वायरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं बल्बच्या बाहेरच्या धातूच्या कड्याला लावा, मधल्या टिकलीला नाही. बल्ब लगेच पेटला किंवा उजळला तर अर्थिंग खराब. मल्टीमीटरने करायचं तर बल्ब पेटलेला असताना होल्डरची बाहेरची धातूची बाजू आणि बॅटरीचा मायनस यांच्यात व्होल्ट मोजा. ०.२ पर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की परतीच्या रस्त्यात गंज आहे.

मग अर्थिंगची वायर जिथे नटाखाली दाबली आहे तो नट सोडा, रिंग आणि चेसिसची जागा दोन्ही घासून उघडं लोखंड काढा, आवळा आणि वरून ग्रीस लावा. मडगार्डला नवा रंग दिल्यावर इंडिकेटर बंद पडले असतील तर कारण बहुधा हेच: रंगाचा थर मध्ये आला.

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल मागच्या मडगार्डात ठासून बसतो. तो काढायला लोक काडी, खुरपं, हाताला येईल ते आत घालतात आणि मागच्या इंडिकेटरची वायर ओढून तोडतात. चिखल पाण्याने भिजवून हाताने काढा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप इंडिकेटरवर आणि स्विचवर धरू देऊ नका.

गाडी एकदा आडवी झाली असेल तर इंडिकेटरची रबरी दांडी हाताने हलवून बघा. बाहेरून दांडी धड दिसते, पण आत वायर तुटलेली असते. हलवताना बल्ब पेट-विझ झाला तर दोष सापडला.

## ६. फ्लॅशर: चांगला की गेलेला

फ्लॅशर म्हणजे सीटखाली, साइड कव्हरमागे किंवा हेडलाइटच्या आत असलेली छोटी डबी, जिच्यातून टिकटिक आवाज येतो. दोन पिनांचा असेल तर एक बी (वीज येते) आणि एक एल (स्विचकडे जाते). तीन पिनांच्या फ्लॅशरला ई ही अर्थिंगची पिन जास्त असते.

फ्लॅशर कपलरमधून उपटा. चावी ऑन करून टेस्ट लॅम्पची एक क्लिप चेसिसला लावा आणि दुसरं टोक बी च्या जागी. लॅम्प पेटला नाही तर वीज फ्लॅशरपर्यंतच येत नाही, मागे चावीच्या स्विचकडे जा. पेटला तर कपलरमधल्या बी आणि एल या दोन जागा हातभर वायरने एकमेकींना जोडा आणि इंडिकेटर स्विच डावीकडे करा.

डावे दोन्ही बल्ब न लुकलुकता सलग पेटले, उजवीकडेही तसंच झालं, तर बाकी सगळं ठीक आहे आणि फ्लॅशर गेला आहे. बल्ब पेटले नाहीत तर नवा फ्लॅशर आणून काही होणार नाही, दोष पुढे आहे. ही वायर चुकूनही ई च्या जागेला लावू नका, फ्यूज उडेल.

नवा घेताना जुना सोबत न्या. पिनांची संख्या, त्यांची मांडणी आणि त्यावर लिहिलेले वॅट जुळायला हवेत. डबी रबरात अडकवलेली असते, ती तशीच परत बसवा. चेसिसला टेपने घट्ट बांधली तर इंजिनच्या थरथराटाने लवकर मरते.

## ७. हँडलचा स्विच आणि मानेजवळची वायर

सायकलच्या काळापासूनची सवय म्हणून स्विचवर तेल सोडू नका, त्याला धूळ चिकटते. दोन स्क्रू काढून स्विचचे दोन भाग वेगळे करा. खाली कापड अंथरून काम करा, कारण आतली स्प्रिंग आणि छोटी गोळी उडून मातीत हरवते. उघडण्याआधी मोबाइलने फोटो काढा. कॉन्टॅक्टवर क्लीनर मारा, ब्रशने घासा, वाळू द्या, दहा-बारा वेळा डावी-उजवीकडे सरकवा. पेट्रोलने धुवायचा मोह टाळा, ते प्लास्टिक खातं आणि ठिणगीजवळ पेट्रोल नकोच.

ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांमागून गाडी चालवणाऱ्यांच्या स्विचमध्ये पाचट आणि धुळीचा भुगा निघतो. नुसत्या सफाईने यातले बरेच स्विच परत चालतात.

स्विच ठीक असूनही बिघाड येतो-जातो? हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा आणि इंडिकेटरकडे लक्ष ठेवा. ठरावीक कोनात बंद होत असेल तर हँडलच्या मानेजवळ वायर आतून तुटली आहे. रोज हजार वेळा तीच जागा वाकते. बाहेरचं आवरण शाबूत असतं, आतले तांब्याचे केस तुटलेले असतात. वायर दोन्हीकडे हळूच ओढली तर तुटलेल्या जागी आवरण रबरासारखं ताणतं.

होंडा आणि जुन्या हीरो होंडा गाड्यांत नारंगी वायर डाव्या इंडिकेटरची, फिकी निळी उजव्याची, राखाडी फ्लॅशरकडून स्विचकडे येणारी आणि हिरवी अर्थिंगची. यामाहात चॉकलेटी डावी, गडद हिरवी उजवी आणि काळी अर्थिंग. म्हणजे एकीकडे हिरवी अर्थिंग तर दुसरीकडे तीच इंडिकेटरची. दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर रंग बघून अंदाज बांधू नका, टेस्ट लॅम्प लावून खात्री करा. गॅरेजमध्ये आधी जोड दिलेला असेल तर रंगावर भरवसा शून्य.

तुटलेली वायर जोडताना नुसता पीळ देऊन टेप गुंडाळणं हे उन्हाळ्यापर्यंतचं काम आहे. मेमध्ये टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते, जोड उघडा पडतो. पीळ, त्यावर सोल्डर, त्यावर हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी). आणि वायर पुन्हा बांधताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल एवढी ढिली ठेवा.

सोयाबीन किंवा ज्वारीच्या पोत्यांशेजारी गाडी लावत असाल तर सीट काढून टाकीखाली नजर टाका. उंदराने कुरतडलेली वायर शॉर्ट होऊन फ्यूज उडवते आणि तो बिघाड दुसरीकडे शोधत बसलं तर सापडत नाही.

## ८. एलईडी किंवा बझर लावल्यानंतरचे घोळ

एलईडी इंडिकेटर एक-दोन वॅट खातो. जुन्या फ्लॅशरला १० वॅटच्या दोन बल्बांची सवय असते, म्हणून तो भराभर लुकलुकतो किंवा लुकलुकतच नाही. उपाय: भार न बघणारा एलईडी फ्लॅशर. काही जण एलईडीच्या जोडीला रेझिस्टर (जादा वीज खाऊन भार वाढवणारा भाग) लावून देतात. त्याने काम होतं, पण तो चटका बसेल इतका तापतो आणि एलईडीने वाचवलेली वीज तिथे उडते. तो लावू नका.

एलईडी लावल्यावर कुठलीही बाजू दिली तरी चारही लुकलुकत असतील तर मीटर बघा. डाव्या-उजव्या दोन्हींसाठी एकच हिरवा दिवा आहे का? तो दिवा दोन बाजूंच्या वायरांच्या मध्ये जोडलेला असतो आणि दुसऱ्या बाजूच्या बल्बमधून अर्थिंग घेतो. साध्या बल्बला तेवढी वीज पुरत नाही, एलईडीला पुरते. दिव्याच्या दोन्ही वायरा काढून '१एन४००७' हे दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) घ्या, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. दोघांची पांढऱ्या पट्टीची टोकं एकत्र करून दिव्याच्या एका वायरीला जोडा, दिव्याची दुसरी वायर अर्थिंगला. 'पीं-पीं' किंवा गाणं वाजवणारा बझर दोन्ही बाजूंना जोडला असेल तर तिथेही हीच गडबड होते. आधी बझर सोडून बघा.

## ९. शेवटची तपासणी, आणि कधी हात लावायचा नाही

इंजिन चालू ठेवून १५ सेकंदांत किती वेळा लुकलुक होते ते मोजा. १५ ते ३० च्या मध्ये हवं, म्हणजे मिनिटाला ६० ते १२०, नियमात हेच बसतं. मग ब्रेक, हॉर्न आणि इंडिकेटर एकदम लावून बघा. हँडल दोन्हीकडे वळवा. मग बाटलीभर पाणी इंडिकेटरवर ओतून पुन्हा बघा. काचेची रबरी चकती नीट बसली नसेल तर ते आत्ताच कळेल, पहिल्या पावसात नको.

ज्या गाडीत फ्लॅशरची डबी सापडतच नाही आणि मीटर पूर्ण डिजिटल आहे, तिथे बल्ब, होल्डर, अर्थिंग आणि फ्यूज एवढंच घरी करा. टेस्ट लॅम्पची टोकं कंट्रोल युनिटच्या कपलरमध्ये खुपसू नका, त्या युनिटच्या किमतीत अशा साध्या दुरुस्त्या कितीतरी होतात. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला दाखवा, कापलेल्या वायरवर वॉरंटी नाकारली जाते.

मिस्तरीकडे न्यायचीच वेळ आली तर 'इंडिकेटर बंद आहे' एवढंच सांगू नका. 'फ्लॅशर बायपास केला, डावे पेटतात, उजवे नाही, अर्थिंग तपासली' असं सांगा. आणि कुठलाही भाग बदलला तर जुना परत मागून घ्या.